वहिनी ऐकतील असं काहीतरी

माझ्या कॉम्प्युटरवर ‘कापलेलं’ नावाचा एक फोल्डर आहे. रेडिओवर जे जातं ते तुम्ही ऐकता. जे जात नाही ते या फोल्डरात पडतं. खोकला, शिंका, मध्येच आलेली मालगाडी, “ताई, हे नका टाकजा” म्हणून सांगितलेली गोष्ट. कापलेलं फेकून द्यायचं असतं म्हणे. माझा हात होत नाही. मी उरलेली पोळीसुद्धा टाकत नाही, कुस्करा करते. तर असं साठत साठत इतकं झालंय की हल्ली चार माणसं चहाला जमली की कुणीतरी म्हणतंच, “ताई, फोल्डर उघडा.”

उघडते. पण आधी आमचं केंद्र सांगते.

शहराचं सार्वजनिक रेडिओ केंद्र असं बाहेर बोर्डावर लिहिलंय. ते वाचून कुणी मोठ्या अपेक्षेनं आत आलं तर त्याला दोन खोल्या आणि एक अंगण दिसतं. शहर म्हणजे मलकापूर. एका बाजूला कापसाचं जिनिंग, मागं रेल्वे लाइन. रेकॉर्डिंग करायचं ते दोन मालगाड्यांच्या मध्ये. माणसं तीन: साहेब, निवेदक दिगंबरभाऊ आणि मी, कात्रीवाली.

दिगंबरभाऊ एकतीस वर्षं रोज सकाळी अकराला माइकसमोर बसत आले. “रामराम मंडळी, दिगंबर बोलतो,” हे त्यांचं पहिलं वाक्य, आणि ते ऐकून गावात लोक घड्याळं लावायचे. आवाज असा की त्यांनी तुरीवरच्या अळीबद्दल सांगितलं तर अळीचीच माया यावी.

आणि हा आवाज एकाच माणसानं कधी रेडिओवर ऐकला नव्हता. त्यांच्या बायकोनं, कुसुमवहिनींनी. हे मला भाऊंनी नाही सांगितलं. खुद्द वहिनींनी सांगितलं, हळदीकुंकवाला, दहा बायांसमोर.

“घरी दिवसभर ऐकतेच ना बाई. रेडिओ आणखी कायले लावू?” त्या म्हणाल्या. “त्याचं बटन तरी माझ्या हाती हाय, याइचं नाही.”

सगळ्या बाया हसल्या. भाऊ दारात चपला घालत होते, तेही हसले. मला मात्र त्या दिवशी बरं नाही वाटलं.

*

मग एक दिवस मुख्य ऑफिसचं पत्र आलं. प्रत्येक केंद्रानं आता पॉडकास्ट करायचे, तेही निरनिराळ्या विषयांवर. साहेब तेव्हा पुण्याहून नुकतेच बदलून आले होते. त्यांनी आम्हा दोघांची मीटिंग घेतली आणि पाऊण तास पॉडकास्ट समजावला. मोबाईलवर असतो, पाहिजे तेव्हा ऐकता येतो, मध्येच थांबवता येतो. शेवटी विचारलं, काही शंका?

दिगंबरभाऊ म्हणाले, “म्हणजे रेडिओच झाला ना साहेब. फक्त ऐकणाऱ्याले वेळ नसला तरी चालते.”

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. नवा भाग आधी अकराला भाऊंच्याच वेळेत रेडिओवर लावायचा आणि मग मोबाईलवर चढवायचा, असं ठरलं.

मीटिंग संपली तसे भाऊ माझ्या टेबलाशी आले. त्यांना रिटायर व्हायला सहा महिने उरले होते. म्हणाले, “ताई, एकतीस वर्षं विषय वरून आले. आता आपल्या हातात हाय. कुसुम ऐकन असं काहीतरी कराचं. जायच्या आधी एकडाव तरी.”

एवढीच त्या माणसाची इच्छा. पुढं आमच्या केंद्रातून जे जे निघालं ते सगळं या एका वाक्यातून निघालं.

*

पहिला पॉडकास्ट स्वयंपाकाचा. भाऊंचा हिशेब सरळ होता, वहिनी स्वयंपाक करतात तर स्वयंपाकाचं ऐकतील. पाहुणी म्हणून नांदुऱ्याहून वांगी विकायला येणारी विमलबाई बोलावली. विषय भरीत. विमलबाईनं माइककडे बघून सांगितलं की भरीत तोंडानं होत नसते. तिनं सोबत पऱ्हाटीचा भारा आणला होता, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं. अंगणात पेटवून त्यावर वांगी टाकली. फार छान आवाज येत होता, तडतड तडतड. मी हेडफोन लावून खुश.

भिंतीपलीकडे जिनिंगमध्ये कापसाच्या गंजी लागलेल्या होत्या, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात नाही आलं. धूर भिंतीवरून तिकडे गेला आणि तिकडून चौकीदार दोन बादल्या घेऊन पळत आला. एक बादली त्यानं जाळावर ओतली. दुसरी दिगंबरभाऊंवर.

भाऊंनी माइक डोक्याच्या वर धरला होता, त्याला थेंब लागू दिला नाही. नखशिखांत भिजलेला तो माणूस त्याच आवाजात म्हणाला, “मंडळी, इथं आपण थोडं थांबू.”

वांगी तोवर भाजून झाली होती. भरीत झालं, चौकीदारानं दोन भाकरी खाल्ल्या आणि जाताना माइकमध्ये सांगितलं की मीठ कमी हाय. ते मी ठेवलं. भाग लागला, गावभर वाहवा झाली. दुसऱ्या दिवशी मी भाऊंना विचारलं, वहिनी काय म्हणाल्या?

“शर्ट धुतला,” भाऊ म्हणाले. “म्हणे ऐकायचं काय त्यात, वासावरूनच समजलं.”

*

आमच्या कामात एक रीत आहे. बोलणं सुरू करायच्या आधी माइक चालू ठेवून सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प बसायचं. रिकाम्या खोलीलाही तिचा एक आवाज असतो, पंख्याचा, भिंतींचा. पुढं कापाकापी केली की जोडायला तो लागतो. आम्ही त्याला ‘मौन’ म्हणतो. जोडकामाला लागेल तेवढं घेऊन झालं की भाग बाहेर जायच्या आधी सुरुवातीचं ते मौन मी कापून टाकते.

आता आमच्याकडच्या माणसाला अर्धा मिनिट गप्प बसवून दाखवा! विमलबाईनं सातव्या सेकंदाला विचारलं, बंद पडलं का? भजनी मंडळाच्या अध्यक्षीणबाई दहाव्याला म्हणाल्या, मी गप्पच हाव बरं. पण सगळ्यात वर नंबर लागतो आमच्या गणिताच्या मास्तरांचा. रिटायर झालेले, बोर्डाच्या परीक्षेवर पॉडकास्ट करायला बोलावलेले. वहिनींची नात यंदा दहावीला होती, म्हणून हा विषय.

मास्तर डोळे मिटून बसले. आम्हीही बसलो. पाच सेकंद, दहा सेकंद, पंधरा. मला वाटलं, जमलं. विसाव्या सेकंदाला मास्तरांनी डोळे उघडले, आमच्या तिघांकडे एकेक करून पाहिलं आणि टेबलावर हात आपटला.

“एवढं चूप म्हणजे काहीतरी चालू हाय. उभे राहा.”

साहेब उभे राहिले. खोटं नाही सांगत, रेकॉर्डिंगमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आहे.

आमच्याकडे मौन जमायचं ते एकट्या दिगंबरभाऊंना. पापणी हलायची नाही. मी एकदा विचारलं, भाऊ, हे कसं काय जमतं हो तुम्हाला? म्हणाले, घरी सवय हाय.

नातीनं तो भाग तीनदा ऐकला. वहिनी त्या वेळी दळण आणायला गेल्या होत्या.

*

मग भाऊंच्या ध्यानात आलं की वहिनी संध्याकाळी टीव्हीवर सासूसुनेच्या मालिका बघतात. ठरलं, आपणही मालिका काढायची, आवाजाची. भजनी मंडळाच्या बायांना बोलावलं. नऊ जणी आल्या, सगळ्या साठीच्या पुढच्या. आणि नऊच्या नऊ सून व्हायला तयार. सासू व्हायला एकही नाही. घरी सुना ऐकतात, उद्या त्याच म्हणतील हे तुमचं नेहमीचंच आहे, असं त्यांचं म्हणणं. साहेबांनी समजावलं, मी समजावलं. शेवटी चहा संपला तसे दिगंबरभाऊ उठले, गळा खाकरला आणि सासूचा कागद स्वतःच्या हातात घेतला.

काय सासू झाली म्हणून सांगू! एरवी अळीला लावायचे ती सगळी माया बाजूला ठेवून त्यांनी त्या सुनेला असं काही फैलावर घेतलं की सुनेचं काम करणाऱ्या अध्यक्षीणबाई खऱ्याखुऱ्या रडल्या. आठ भाग झाले. भाऊंना बाजारात फिरणं मुश्किल झालं. एका भाजीवालीनं त्यांना कोथिंबीर द्यायला नकार दिला. आधी सुनेले माहेरी जाऊ द्या म्हणे, मंग या.

आणि घरी? मी विचारायच्या आधीच भाऊंनी सांगून टाकलं. अध्यक्षीणबाई घरी येऊन सगळी कथा सांगून गेल्या तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, “माही सासू गेली तवापासून घर कसं शांत होतं.”

*

आमच्या टेबलावर एक जुना फोन आहे. त्याचा रिसीव्हर मेलेला आहे, कानाला लावला तर काही ऐकू येत नाही. स्पीकरचं बटण दाबूनच बोलावं लागतं. त्यामुळे आमच्या केंद्रात कुणाचंच काही खासगी राहिलेलं नाही. माझ्या जावेला माझ्याबद्दल काय वाटतं ते साहेबांनाही माहीत आहे.

साहेबांना सुरुवातीला आमच्या बोलीचा फार त्रास व्हायचा. पॉडकास्ट महाराष्ट्रभर ऐकतात, थोडं शुद्ध बोलायला लावा पाहुण्यांना, असं ते मला रोज सांगायचे. मी मान हलवायची आणि काही करायची नाही. चार महिने गेले. एक दिवस साहेब याच विषयावर आमची हजेरी घेत होते. भाषा सांभाळली पाहिजे, वगैरे. तेवढ्यात फोन वाजला. साहेबांनीच बटण दाबलं. पुण्याहून त्यांच्या आईचा फोन होता.

साहेब घाईघाईत म्हणाले, “आई, मी मीटिंगमध्ये हाव. मंग करतो.”

 पलीकडून त्या माउलीनं अगदी अदबीनं विचारलं, “माफ करा हं, जरा माझ्या मुलाला फोन देता का?”

त्यानंतर शुद्ध भाषेवर आमच्याकडे मीटिंग झाली नाही.

*

शेगावच्या एका लॉजवाल्यांना बोलावलं होतं. वहिनी दर महिन्याला शेगावला दर्शनाला जातात, तर मुक्कामाच्या गोष्टी त्यांना आवडतील, असा भाऊंचा हिशेब. पण हे गृहस्थ मोबाईल बंद करायला तयार नाहीत. उद्या गुरुवार आहे, बुकिंग जाईल म्हणे. दर दोन वाक्यांनी फोन. पाचव्यांदा वाजला तेव्हा दिगंबरभाऊंनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि आपल्या रेडिओच्या आवाजात म्हणाले, “नमस्कार. आपण लॉजवर फोन केला आहे. आपले मालक सध्या मुलाखतीत व्यग्र आहेत.”

पलीकडच्या माणसानं शांतपणे एक दाबला. टुक करून आवाज आला.

भाऊ गडबडले नाहीत. म्हणाले, “एक दाबल्याबद्दल आभारी आहोत. खोली पाहिजे असल्यास दोन दाबा.”

टुक. दोन खाटांची खोली पाहिजे असल्यास तीन दाबा. टुक. गरम पाणी सकाळी पाचपासून मिळेल, मान्य असल्यास चार दाबा. टुक. असं करत भाऊंनी त्या माणसाची खोली बुक केली, त्याचं नाव शेवटी तेवढं तोंडानं विचारलं आणि प्रवासाच्या शुभेच्छा देऊन फोन ठेवला. लॉजवाले म्हणाले, तुम्ही रिटायर झाले की माझ्याकडे या.

सगळे हसून हसून बेजार. भाऊ मोबाईल परत देताना मला हळूच म्हणाले, “पाहा ताई. ओळख ना पाळख, पण शेवटपर्यंत ऐकलं त्यानं.”

त्या महिन्यात वहिनी शेगावला जाऊन आल्या. तो भाग त्यांनी ऐकला नाही. मोबाईल बॅगेत खाली गेला होता म्हणे.

*

मार्चमध्ये मुख्य ऑफिसचं पत्र आलं. कौतुकाचं! एवढ्या छोट्या केंद्रातून स्वयंपाक, गणित, कौटुंबिक मालिका, तीर्थयात्रा, गुडघेदुखी, लोणची, माहेरच्या आठवणी इतक्या विविध विषयांवर पॉडकास्ट निघाले, असं दुसरीकडे कुठं झालं नाही. सोबत एक फॉर्म. त्यात शेवटचा रकाना होता: विविधतेमागचे केंद्राचे धोरण.

साहेब म्हणाले, दिगंबरराव, विषय तुमचे, तर हे तुम्हीच भरा. भाऊंनी चष्मा लावला आणि स्वच्छ अक्षरात एक ओळ लिहिली.

‘घरच्या माणसाने अजून ऐकलेले नाही.’

साहेबांनी वाचलं. भाऊंकडे पाहिलं. खाली सही केली आणि तसंच पाठवून दिलं. साहेब तसे चांगले आहेत.

*

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी भाऊंची नोकरी संपायची होती. आदल्या दिवशी शेवटचा भाग रेकॉर्ड करायचा होता. मी विचारलं, विषय काय?

“विषय नाही,” भाऊ म्हणाले. “आता कुसुमसाठी नाही कराचा ताई. झालं तेवढं झालं. आपलंच बोलतो थोडं.”

एकटेच बसले. मौन केलं, नेहमीसारखं, पापणी न हलवता, फक्त त्या दिवशी अर्ध्या मिनिटाची चांगली दोन मिनिटं झाली. मग पंधरा मिनिटं बोलले. पहिल्या दिवशी आवाज कसा फाटला होता, मालगाडीची वाट बघत किती चहा झाला, कुठल्या गावाहून कुणाचं पत्र यायचं. मी काचेच्या अलीकडे होते ते बरं झालं, नाहीतर माझं नाक ओढणं रेकॉर्ड झालं असतं. संपलं तशी मी फाइल सेव्ह केली, डोळे पुसले आणि निरोपाच्या कार्यक्रमाची शाल आणायला बाजारात निघाले.

जाताना वहिनींच्या घरी डोकावले. म्हटलं, वहिनी, उद्या अकराला केंद्रावरच या ना, शेवटचा भाग आहे, सगळे मिळून ऐकू. वहिनी पापड वाळत घालत होत्या. म्हणाल्या, अकराले माह्या भाकरी असतात, चार वाजता कार्यक्रमाले येईन. मी पुढं काही बोलले नाही. रागच आला होता.

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही तिघं टेबलाभोवती बसलो. चहा ओतला. हवेत जाणारा कार्यक्रम ऐकायला आमच्याकडे भिंतीवर एक जुना बॉक्स आहे, त्याच्याकडे तोंड करून. घड्याळात अकरा झाले. मी भाग सोडला.

बॉक्समधून काहीच आलं नाही.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बटणांकडे पाहिलं. सगळं चालू. आवाज दाखवणारी सुई थोडी थोडी हलत होती. आणि मग मला आठवलं. मौन! शाल आणायच्या नादात मी मौन कापलंच नव्हतं. जन्मभर लोकांचं खोकणं कापलं आणि भाऊंच्या शेवटच्या दिवशी त्यांचं गप्प बसणं अख्ख्या तालुक्याला ऐकवत होते. आता मध्ये थांबवताही येईना. मी कपाळाला हात लावला. भाऊंनी हातानंच खूण केली, असू दे.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मी बटण दाबलं.

“हॅलो, रेडिओ का?” बाईचा आवाज होता, धाप लागलेली. “अकरा वाजून गेले. याइले काय झालं? बोलून काऊन नाही राह्यले?”

भाऊंचा कप ओठापाशी गेला होता, तो तिथंच राहिला. साहेब खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच थांबले. 

“हॅलो? ऐकू येते का? तवा ठेवून आली मी. बरे हायत ना ते?”

आणि भिंतीवरच्या बॉक्समधून आणि टेबलावरच्या फोनमधून, दोन्हीकडून एकदमच आवाज आला: “रामराम मंडळी, दिगंबर बोलतो.”

“बोलले,” वहिनी म्हणाल्या. “ठेवते.”